ताश्कंदची फायनल: मामा, मी आणि फुटसालचा वर्ल्ड कप

कोल्हापुरात फुटबॉलच्या माणसाला दोनच प्रश्न विचारतात: तालीम, म्हणजे पेठेतला संघ, कुठली, आणि ब्राझील का अर्जेंटिना. पहिल्याचं उत्तर पेठ ठरवते. दुसऱ्याचं उत्तर तुम्ही पहिला वर्ल्ड कप कुठल्या साली बघितला त्यावर असतं. मामांनी १९८६ साली, दहावीच्या वर्षात, शेजारच्यांच्या टीव्हीवर मॅराडोना बघितला. मी २००२ साली रोनाल्डो बघितला. तेव्हापासून दर चार वर्षांनी आमच्या चौकात मोठमोठे कटआउट लागतात आणि आमच्या घरावर दोन झेंडे. स्पर्धा संपली की मामी दोन्ही झेंडे धुऊन एकाच पिशवीत घालतात आणि माळ्यावर टाकतात.

वर्ल्ड कपला एकदा जाऊन यायचं, हे आमचं कायमचं बोलणं. रशिया झालं, कतार झालं, दर वेळी खर्चाचा आकडा मांडला की विषय तिथंच संपायचा. मग कळलं की २०२४ चा फुटसाल वर्ल्ड कप उझबेकिस्तानात आहे. दिल्लीहून ताश्कंद विमानाने तीन तासांवर, ई-व्हिसा वीस डॉलरचा, आणि तिकिटं आपल्या खिशाला झेपणारी. मी पुण्याहून मामांना फोन केला. ते म्हणाले, "फुटसाल म्हणजे टर्फवर पोरं खेळतात तेच की. त्यासाठी परदेशी कशाला जायचं?"

हा समज आपल्याकडे सगळीकडे आहे, आणि तो खोडायचा म्हणूनच हे लिहितोय. टर्फवर आपण खेळतो ते जागा कमी आणि माणसं कमी म्हणून छोटं केलेलं फुटबॉल. फुटसालचा जन्मच वेगळा. १९३० मध्ये उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरात, वायएमसीएमध्ये शिकवणाऱ्या हुआन कार्लोस सेरियानी यांनी तो बसवला. संघात पाच जण, बास्केटबॉलसारखे. कोर्ट ४० मीटर बाय २०, गोल तीन मीटर बाय दोन. चेंडू चार नंबरचा, कमी उसळणारा. भिंत नाही, जाळी नाही, त्यामुळे रेषेबाहेर गेला की गेला. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, आणि चेंडू थांबला की घड्याळही थांबतं. वेळ काढायला जमिनीवर लोळण्याची सोयच नाही. हे सगळं सांगितल्यावर मामांनी एकच विचारलं, "आणि गोलकीपरचं काय?"

मामा स्वतः गोलकीपर. पेठेतल्या तालमीकडून शाहू स्टेडियमवर बरीच वर्षं उभे राहिलेले. डाव्या हाताची करंगळी अजून सरळ होत नाही. मी त्यांना काही जुन्या सामन्यांच्या क्लिप पाठवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मेसेज आला: "पासपोर्टला काय काय लागतंय?"

चौपन्नाव्या वर्षी पहिला पासपोर्ट. कोल्हापुरात पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रामुळे पुण्याचा हेलपाटा वाचतो, हे खरंच सोयीचं झालंय. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, लाईटबिल. पोलीस व्हेरिफिकेशनला बोलावलं तेव्हा तिथल्या माणसाने कशाला चाललाय म्हणून विचारलं. मामा म्हणाले, मॅच बघायला. कुणाची? ते अजून ठरायचंय. त्यावर तो माणूस पेन खाली ठेवून दहा मिनिटं फुटबॉलवर बोलत बसला. कोल्हापूर आहे हे.

आणि खरोखरच ते ठरायचं होतं. आम्ही दोन्ही सेमीफायनल आणि फायनलची तिकिटं काढली, २, ३ आणि ६ ऑक्टोबरची. तेव्हा स्पर्धा सुरूही झाली नव्हती. चोवीस संघ, अफगाणिस्तान, ताजिकिस्तान, फ्रान्स आणि न्यूझीलंड पहिल्यांदाच आलेले. अंदिजान आणि बुखारा इथेही सामने होते, पण सेमीफायनल आणि फायनल ताश्कंदला. तिकिटं ऑनलाइन, फोनमध्ये क्यूआर कोड. मामांनी तरी प्रिंट काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली, आणि परदेशात चार्जिंग संपलेल्या फोनपेक्षा तो फोल्डर कधीही बरा, हे माझं आता ठाम मत झालंय.

व्हिसाचं काम सरळ आहे. सरकारी साइटवर पासपोर्टचं पान आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो चढवायचा, कार्डाने पैसे भरायचे, कामाच्या दोन-तीन दिवसांत ईमेलवर पीडीएफ येतं. तीस दिवस राहता येतं. कुणी एजंट यासाठी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका. राहायला हॉटेल घेतलं तर पोलिसांकडची नोंदणी हॉटेलवालेच करतात; निघताना तेवढी चिठ्ठी मागून घ्या. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, दुमडलेल्या-मळलेल्या नोटा बदलून घेताना कटकट होते. एका रुपयाला साधारण दीडशे सोम मिळायचे, त्यामुळे पाकीट फुगतं आणि पहिले दोन दिवस प्रत्येक गोष्ट महाग वाटते.

अडचण दुसरीकडेच निघाली. ३ ऑक्टोबरला घटस्थापना. मामांच्या घरी घट बसतात आणि मामा नवरात्राचे नऊही दिवस उपवास धरतात. अंबाबाईच्या गावातला माणूस नवरात्रात गाव सोडून जाणार, हे आजीला अजिबात पटेना. शेवटी मामींनीच तोड काढली. घट त्या बसवतील, माळ रोज त्या घालतील, मामांनी उपवास मोडायचा नाही. "देवीला ठाऊक हाय तुमचं वेड," एवढं म्हणून त्यांनी राजगिऱ्याचे आणि शेंगदाण्याचे लाडू असे दोन डबे भरून दिले. माझ्या बॅगेत कपडे कमी आणि लाडू जास्त, असं ते झालं.

इकडे स्पर्धेत रोज कुणीतरी मोठा पडत होता. गतविजेत्या पोर्तुगालला कझाकिस्तानने २-१ ने घालवलं. स्पेनला व्हेनेझुएलाने. मी ऑफिसात फोन टेबलाखाली धरून स्कोअर बघायचो. ब्राझील आणि अर्जेंटिना ड्रॉच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना होते, म्हणजे भेटले तर थेट फायनललाच. ब्राझीलने मोरोक्कोला ३-१ ने हरवलं, अर्जेंटिनाने कझाकिस्तानला ६-१ ने. आम्ही निघालो तेव्हा चारही सेमीफायनलिस्ट ठरलेले होते: ब्राझील-युक्रेन, अर्जेंटिना-फ्रान्स. दिल्लीच्या विमानतळावर मामा म्हणाले, "आता हितनं पुढं तू तुझं बघ, मी माझं बघतो."

ताश्कंद रुंद रस्त्यांचं, झाडांचं शहर आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दिवसा छान ऊन आणि रात्री पातळ जॅकेट लागेल इतका गारवा. १९७७ मध्ये सुरू झालेली मेट्रो नुसती स्टेशनं बघायला म्हणून फिरावी अशी. अंतराळवीरांच्या नावाचं एक स्टेशन आहे, निळ्या भिंतींचं, तिथे मामा दोन गाड्या सोडून थांबले. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, त्यामुळे घरी फोन करायला हिशेब लागत नाही.

२ ऑक्टोबरला सकाळी आम्ही लालबहादूर शास्त्रींच्या पुतळ्यापाशी गेलो. त्या दिवशी त्यांची जयंती, आणि ११ जानेवारी १९६६ ला ते याच शहरात वारले. ताश्कंद हे नाव मामांनी लहानपणापासून ऐकलं ते फक्त त्या एका बातमीमुळे. पुतळ्याला हार घातलेले होते. मामांनी चप्पल काढून नमस्कार केला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

संध्याकाळी ह्युमो अरीना. हे मुळात आइस हॉकीचं स्टेडियम, २०१९ मध्ये उघडलेलं, साडेबारा हजारांच्या आसपास माणूस मावणारं. दारावर तपासणी झाली, झेंडे आत सोडले, काठ्या बाहेर. आमची जागा गोलच्या मागे थोडी वर, मामांनी मुद्दाम मागून घेतलेली. गोलकीपरला मागनं बघितलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

पहिली पाच मिनिटं मला काहीच कळलं नाही, असं म्हटलं तर वावगं होणार नाही. टीव्हीवर फुटसाल बघताना वेग कळतच नाही. प्रत्यक्षात सगळ्यात आधी येतो तो आवाज. बुटांचे तळवे कोर्टावर घासतात तो किरकिराट, आणि चेंडू पायाखाली घेतल्याचा दबका ठोका. मोठ्या फुटबॉलमध्ये चेंडू पायाच्या आतल्या बाजूने थांबवतात, इथे तळव्याने. चेंडू आला की तळवा वर, चेंडू जागच्या जागी चिकटला, आणि त्याच तळव्याने बाजूला सरकवला. ब्राझीलचा फेराओ हा पिव्हॉट, म्हणजे पुढे गोलकडे पाठ करून उभा राहणारा माणूस. पाठीवर बचावपटू लादलेला असताना तो चेंडू तळव्याखाली धरून अंग असं काही अडवून ठेवायचा की मागच्याला चेंडू दिसूच नये. मग दोन्ही बाजूंनी साथीदार धावायचे, एकाला चेंडू जायचा, आणि बचाव दुसऱ्याच्या मागे गेलेला असायचा.

मी चेंडू बघणं सोडून दिलं आणि चेंडू नसलेल्या तिघांना बघायला लागलो, तेव्हा खेळ उघडला. एकही जण उभा नाही. पास दिला की देणारा लगेच तिरका निघतो, त्याच्या रिकाम्या जागेत दुसरा येतो, त्याच्या जागेत तिसरा. आपल्या टर्फवर पास दिला की आपण कमरेवर हात ठेवून तो कुठे गेला ते बघत बसतो.

बदली खेळाडूंचं तर बघतच राहावं. कितीही वेळा, खेळ न थांबवता. बेंचवरचा खेळाडू अंगावरचा बिब काढून रेषेपाशी उभा, धावत बाहेर येणाऱ्याच्या हातात तो देतो आणि आत झेपावतो. दर दोन-तीन मिनिटांनी अख्खी चौकडी बदलते. म्हणून चाळिसाव्या मिनिटालाही पहिल्या मिनिटाचाच वेग.

ब्राझीलने तो सामना ३-२ ने काढला. युक्रेनच्या खेळाडूंनी ज्या तऱ्हेने प्रत्येक चेंडूवर अंग टाकलं, ते बघून माझ्या शेजारचे उझबेक काका शेवटी उभे राहून त्यांच्यासाठीच ओरडत होते. फेब्रुवारी २०२२ पासून ज्या देशात सायरन वाजतायत, तिथला संघ वर्ल्ड कपच्या सेमीफायनलपर्यंत येतो. मी ब्राझीलचा झेंडा धरून बसलो होतो आणि त्यांच्या दुसऱ्या गोलला मीही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. सकाळी मामींनी व्हिडिओ कॉलवर घट दाखवले, मामांनी हॉटेलच्या खोलीत अंघोळ करून हात जोडले, आणि आम्ही चोरसू बाजारात फराळ शोधायला निघालो. निळ्या घुमटाखालचा हा बाजार मांसाहारासाठी प्रसिद्ध, मला काळजी होती. पण उपवासाच्या माणसासाठी ऑक्टोबरातलं ताश्कंद म्हणजे चैन आहे. लांबट पिवळी खरबुजं, चाकूने फोड कापली की रस मनगटापर्यंत येतो. द्राक्षं, अंजीर, डाळिंबं. अक्रोड, बदाम, जर्दाळू, किशमिश यांचे ढीग. आणि कतिक, म्हणजे आपलं दहीच, जरा पातळ. मामा म्हणाले, घरी उपवासाला एवढं कधी खाल्लं नव्हतं. सुका मेवा विकणाऱ्या बाईंनी त्यांच्या अंगातला अर्जेंटिनाचा शर्ट बघून "मेस्सी!" म्हणत मूठभर जर्दाळू फुकट वर टाकले. पिवळ्या शर्टाला काही मिळालं नाही.

त्या रात्री अर्जेंटिना-फ्रान्स. फ्रान्स पहिल्याच वर्ल्ड कपला सेमीफायनलमध्ये पोहोचलेला, दडपण कसलंच नाही. मामांची नजर एकाच माणसावर, निकोलास सार्मिएंतो. २०१६ ला अर्जेंटिनाने हा वर्ल्ड कप जिंकला त्या संघातला गोलकीपर. मोठ्या गोलचा रखवालदार उडी मारतो, हवेत पसरतो. इथे त्याला वेळच नाही. चेंडू सहा-सात मीटरवरून येतो. म्हणून तो उडत नाही, पुढे येतो आणि अंगाची भिंत करतो. एक गुडघा जमिनीला टेकलेला, दुसरा पाय बाजूला लांब, छाती सरळ, दोन्ही हात खाली बाजूंना, तळवे समोर. मामा सीटवर बसल्या बसल्या तसं करून बघत होते. "आम्हाला शिकवलं चेंडूकडं झेपायचं. ह्यो चेंडूची वाटच बंद करतोय."

चार सेकंदांचा नियमही त्यांना फार आवडला. किक-इन, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू पायाने आत टाकणं असो, कॉर्नर असो, गोलकीपरच्या ताब्यातला चेंडू असो, चार सेकंदांत खेळायचा. पंच हात वर करून बोटांनी मोजतात, एक, दोन, तीन, चार, सगळ्या स्टेडियमला दिसेल असं. वाद नाही, विनवणी नाही. फाऊलचाही हिशेब संघाच्या नावावर साठतो. एका हाफमध्ये सहाव्या फाऊलपासून प्रत्येक फाऊलला खेळाडूंची भिंत न लावता थेट किक, दहा मीटरवरून मारायची मुभा. त्यामुळे पाच फाऊल झालेला संघ कसा सावरून पाय घालतो ते बघण्यासारखं असतं. अर्जेंटिना ३-२ ने जिंकली. मामांनी माझा हात एवढा दाबला की दोन दिवस दुखत होता.

म्हणजे फायनल ब्राझील-अर्जेंटिना. कोल्हापूरला बातमी पोहोचायच्या आत आमचे दोन्ही फोन वाजायला लागले.

मधल्या दोन दिवसांत वेगवान अफ्रासियाब गाडीने समरकंद करून आलो. तिकिटं आधी काढून ठेवा, ऐन वेळी मिळत नाहीत. रेगिस्तान चौक फोटोत दिसतो त्याहून मोठा आहे. तिथला गोल, जाड, तिळाचा नान मी खाल्ला. मामांनी नुसता वास घेतला.

६ तारखेला, रविवारी, अरीना भरलेलं होतं. आधी तिसऱ्या क्रमांकाचा सामना झाला, युक्रेनने फ्रान्सला ७-१ ने हरवलं आणि प्रेक्षकांनी त्यांना मनापासून निरोप दिला. मग फायनल. स्थानिक पोरांचे दोन तट पडलेले, अर्ध्यांच्या गालावर हिरवा-पिवळा रंग, अर्ध्यांच्या निळा-पांढरा. मला क्षणभर आमचा चौकच आठवला.

ब्राझीलच्या माणसासाठी हा सामना काय होता, ते सांगायला हवं. पाच वर्ल्ड कप जिंकलेला हा संघ २०१२ नंतर कोरडा होता. २०१६ ला इराणने पेनल्टीवर बाहेर काढलं, आणि तो त्यांच्या दिग्गज फाल्काओचा शेवटचा वर्ल्ड कप ठरला. हरवल्यावर इराणच्याच खेळाडूंनी त्याला उचलून घेतलं होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये तो भारतात येऊन चेन्नईच्या संघाकडून खेळला होता. २०२१ ला सेमीफायनलमध्ये अर्जेंटिनाने २-१ ने हरवलं. म्हणजे समोर तेच, आणि मी शेजारी मामांना घेऊन बसलेलो.

सहाव्या मिनिटाला फेराओचा गोल. तेराव्या मिनिटाला राफा सांतोसचा. मी दोन्ही वेळा उभा राहिलो, दोन्ही वेळा मामा बसूनच राहिले, आणि हाफटाइमला २-० असताना त्यांनी डब्यातला एक लाडू मला दिला, एक स्वतः घेतला. "अजून इस मिन्टं हायत," एवढंच.

ती वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. अर्जेंटिना चढत गेली. ब्राझीलच्या गोलमध्ये विलियन. माझ्या समोरच्याच गोलमध्ये, आणि मामांच्या हट्टापायी तो मला पाठमोरा दिसत होता. मारणाऱ्याचा पाय मागे गेला की विलियनची टाच अर्धं पाऊल पुढे सरकायची, गुडघा टेकायचा, आणि गोलचा दिसणारा तुकडा एकदम लहान व्हायचा. पुढून बघणाऱ्याला फक्त चेंडू अडलेला दिसतो. मागून तो कसा अडला ते दिसतं. स्पर्धेतल्या सर्वोत्तम गोलकीपरचं बक्षीस त्यालाच मिळालं, आणि माझ्या मते त्यातलं निम्मं त्याने त्या अर्ध्या पावलावर मिळवलं.

शेवटी अर्जेंटिनाने गोलकीपर काढून पाचवा खेळाडू पुढे आणला. गोलकीपरच्या रंगाचा शर्ट, पाठीवर स्वतःचाच नंबर, आणि मागे गोल सताड उघडा. पाच विरुद्ध चार. चेंडू डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, ब्राझीलचे चौघे एकमेकांना बांधल्यासारखे एकत्र सरकतायत. एकाची चूक झाली की संपलं, दोन्ही बाजूंसाठी. अडतिसाव्या मिनिटाला मातीयास रोसाने गोल मारला. २-१. मामा पहिल्यांदा उठले.

राहिलेली मिनिटं जेमतेम दोन, पण चेंडू बाहेर गेला की घड्याळ उभं राहतं, त्यामुळे ती संपता संपेनात. मोठ्या फुटबॉलमध्ये अशा वेळी आघाडीवरचा संघ चेंडू कोपऱ्यात नेऊन उभा राहतो. इथे पळवाट नाही, खेळूनच वेळ घालवावा लागतो. भोंगा वाजला तेव्हा माझ्या पायांत उभं राहायचं त्राण नव्हतं. ब्राझीलचा सहावा वर्ल्ड कप, बारा वर्षांनी. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ब्राझीलचाच दिएगो. अर्जेंटिनाचे खेळाडू कोर्टावर बसून होते आणि मामा त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होते, सगळे गेले तरी वाजवत होते. मग माझ्याकडे वळून, डोळे भरलेले असताना, म्हणाले, "तुझ्या कीपरनं मॅच काढली. चल, मामीला फोन लाव."

परतीच्या विमानात आम्ही भारताबद्दल बोललो. आपला पुरुषांचा फुटसाल संघ पहिल्यांदा मैदानात उतरला तोच २०२३ मध्ये. या वर्ल्ड कपला पहिल्यांदा आलेला ताजिकिस्तान आपल्यापेक्षा किती लहान देश. कोल्हापूरने अनिकेत जाधवसारखा मुलगा २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला दिला. पोरांच्या पायात चेंडू आहेच. संध्याकाळी टर्फवर जागा मिळत नाही इतकी गर्दी असते. पण जाळीवर आपटून चेंडू परत घेणारा पोरगा तळव्याने चेंडू थांबवायला कधी शिकणार? त्याला रेषा असलेलं कोर्ट पाहिजे. मैदानावर उतरणाऱ्या प्रत्येक लहान मुलाला आधी दोन-तीन वर्षं हाच खेळ खेळू द्यावा, असं मला मनापासून वाटतं. चेंडू पायाला जितक्या वेळा लागेल तितका पाय शहाणा होतो, आणि पाच जणांत तो अकरा जणांपेक्षा कितीतरी जास्त वेळा लागतो.

म्हणून घरी आल्यावर आम्ही पोरांसाठी कोर्ट शोधायला लागलो. टेपने मोजलं तर बास्केटबॉलचं कोर्ट लहान पडतं, २८ बाय १५. आम्ही दिवाळीपर्यंत शाळा पालथ्या घातल्या. मग एका शाळेच्या मागे हँडबॉलचं जुनं कोर्ट सापडलं. हँडबॉलचं कोर्ट ४० बाय २०च असतं, गोलही तीन बाय दोनचाच, आणि गोलपुढची सहा मीटरची कमानही जवळपास तशीच. मुख्याध्यापकबाईंनी रविवार सकाळ दिली. गोल गंजलेले होते, ते वेल्डरकडून नीट करून घेतले, रेषा फक्कीने मारल्या. पहिल्या रविवारी चौदा पोरं आली. मामा शिट्टी घेऊन रेषेवर उभे राहतात आणि किक-इनला हात वर करून बोटं मोजतात. चौथं बोट उठलं की चेंडू समोरच्या संघाला. त्यावरून दर रविवारी भांडण होतं, आणि पोरं अजून तीन सेकंदांच्या आत चेंडू टाकत नाहीत. दोन गोलकीपरांना मात्र गुडघा टेकवायला जमायला लागलंय.